सहा, सत्त्याण्णव आणि तीन इंच

जुन्या टाटा ट्रकचं इंजिन मिस्त्री लोक आकड्याने ओळखतात. ‘६९२ आहे की ६९७?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. उकल सोपी आहे. ६ म्हणजे सहा सिलिंडर, पुढचे ९२ किंवा ९७ म्हणजे सिलिंडरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. वाढ पाच मिलिमीटरची, पण सोबत स्ट्रोकही १२० वरून १२८ झाला आणि इंजिन ४.८ लिटरवरून ५.७ लिटरवर गेलं.

घडण मूळची जर्मन. १९५४ साली टेल्कोने डेम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक बनू लागले. १९६९ मध्ये करार संपला, जाळीवरचा तारा गेला आणि टी आला. इंजिनाची मापं मात्र इथेच राहिली. ६९७ चा व्यास आणि स्ट्रोक मर्सिडीजच्या ओएम ३५२ चाच आहे. त्याआधी बोरघाट चढायचे ते कुर्ल्याला प्रीमियरने जोडलेले डॉज आणि फार्गो. ते आधी पेट्रोलवर चालायचे, पुढे त्यांतल्या कित्येकांच्या पोटात पर्किन्स पी-६ डिझेल बसलं. म्हणजे बॉडी एकाची आणि इंजिन दुसऱ्याचं, ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे. माझ्या काकांच्या ट्रकचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आम्ही ओव्याचे. १९७० मध्ये सिडको आली आणि पनवेल-उरणच्या गावांतली भातशेती नव्या शहरासाठी जाऊ लागली. मोबदल्यासाठी १९८४ मध्ये जासईला आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, माणसं गेली. साडेबारा टक्के भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. हे सगळं आता पुस्तकांत सापडतं. पुस्तकांत कमी सापडतं ते हे, की जमिनीच्या पैशातून बऱ्याच घरांनी पुढे चाकं घेतली. भराव, खडी, पाणी, सगळ्याला गाडी लागायची. आमच्या घरात जुना १२१० आला. नांगराच्या जागी स्टिअरिंग, असं काका म्हणतात, आणि त्यात विनोद किती नि हळहळ किती ते मला अजून नीट कळलेलं नाही.

त्या गाडीत आधी ६९२ होतं. ते बसल्यावर ६९७ टाकलं. मग केव्हातरी भंगारातून आणलेलं टर्बोवालं ६९७ चढलं. चाळीस वर्षांत तीन इंजिनं झाली, आणि खाली सायलेन्सरचा पाइप तोच, कुणा वेल्डरने कधीतरी जोडलेला, अडीच इंची. आता टँकरला फिटनेसची तारीख आली होती. गाडी चढावर दम खात होती, मागून काळा धूर सोडत होती. पास झाली नाही तर भंगारात, आणि तिच्यावर दोन घरं चालतात.

थोडा हिशोब करू. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं. साधं, बिनटर्बोचं ६९७ मिनिटाला २८०० फेऱ्यांवर साधारण पावणेसात हजार लिटर हवा ओढतं. जळून बाहेर पडताना ती पाचशे अंशांच्या आसपास तापलेली असते, म्हणजे फुगून अडीचपटीहून जास्त. सेकंदाला सुमारे तीनशे लिटर वायू पाइपातून जायला हवा. अडीच इंची पाइपात, पत्र्याची जाडी वजा करून, त्याचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या वर जातो. तीन इंचीत सत्तरच्या आसपास येतो, चार इंचीत चाळीसवर. आणि पाइपातला अडथळा व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतो. अडीचचा तीन केला की तो अडीचपट कमी होतो. नुसत्या अर्ध्या इंचात! शिवाय टर्बो असेल तर हवा आणखी जास्त, म्हणजे कोंडी आणखी वाढणार.

कळंबोलीचे उस्ताद मात्र ठाम होते. “पाइप मोठा केला की प्रेशर जातं, गाडी पडते. इंजिनाला थोडं बॅकप्रेशर लागतंच.” हे वाक्य मी इतक्या गॅरेजांत ऐकलंय की त्याचा उगम शोधावासा वाटला. माझा अंदाज असा की ते पेट्रोल इंजिनांकडून आलं. तिथे पाइपाची लांबी-रुंदी नेमकी जुळली तर जाणाऱ्या वायूचा वेग पुढच्या श्वासाला मदत करतो, आणि फार रुंद पाइपात तो वेग मरतो. म्हणजे तिथेही हवा असतो तो वेग. दाब कुणालाच नको असतो. डिझेलला तर नकोच, आणि टर्बोला अजिबात नको. टर्बोचा पंखा फिरतो तो दोन बाजूंच्या दाबातल्या फरकावर. मागे कोंडलं की पंखा मंदावतो, हवा कमी येते, पंपातून डिझेल मात्र तेवढंच येतं. न जळलेलं काळं होऊन बाहेर.

वाद तोंडी मिटणार नव्हता, म्हणून पाण्याची नळी लावली. कमिन्सच्या जुन्या इंजिनांसाठी बॅकप्रेशरची मर्यादा पाऱ्याची तीन इंच, म्हणजे पाण्याची साधारण एक मीटर अशी धरतात. टर्बोच्या पुढे पाइपाला भोक पाडून तांब्याची बारीक नळी जोडली, ती केबिनपर्यंत आणली, पुढे पारदर्शक नळी यू आकारात वळवून पाणी भरलं आणि एक मीटरच्या फरकावर खूण केली. भरला टँकर चढावर, दुसरा गिअर, पूर्ण रेस. पाणी खूण ओलांडून थेट नळीबाहेर उडालं, काकांच्या पायावर.

“उस्ताद, आता बोला,” काका म्हणाले.

उस्ताद हसले आणि सरळ चार इंची पाइप काढू लागले. हे दुसरं टोक. चार इंची पाइप चेसिस आणि पाट्यांच्या मध्ये नीट बसत नाही, जड होतो, घुमतो, आणि या इंजिनाला त्याचा फायदा जवळजवळ शून्य. इंटरकूलरवालं, मोठ्या ताकदीचं इंजिन असेल तर साडेतीन-चारची गोष्ट वेगळी. आम्ही तीन इंची घेतला. मात्र बाहेरून तीन इंच आणि आतून तीन इंच यांत फरक असतो, आणि वळणावर पाइप चेपला तर तीनचा पुन्हा अडीच होतो. उस्तादांची खरी करामत तिथे दिसली. त्यांनी पाइपात कोरडी वाळू ठासून दोन्ही तोंडं बंद केली, लाल होईपर्यंत तापवला आणि हळूहळू वाकवला. एकही सुरकुती नाही.

ड्रायव्हरला सायलेन्सरही काढून हवा होता, आवाजासाठी. तो ठेवला. नियम तर आहेच, पण पहाटे चारला गाडी निघते ती आमच्याच आळीतून. तोंड उजवीकडे वळवलं, कारण धूर डावीकडे सोडायची केंद्रीय मोटार वाहन नियमांत मनाई आहे, आणि पायी चालणारा माणूस डावीकडेच असतो.

नव्या पाइपावर तोच चढ, तोच गिअर. पाणी खुणेच्या आत राहिलं. धूर तपासणीत ६५ हार्टरिजची मर्यादा होती, गाडी पास झाली. उस्तादांनी ती नळी गुंडाळून स्वतःच्या खोक्यात टाकली, आणि काकांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.