पेटीतला शब्द

‘कॅश’ हा इंग्रजी शब्द संस्कृत ‘कर्ष’पासून निघाला, असे मी कित्येक व्याख्यानांत ठासून सांगितले आहे. टाळ्याही घेतल्या आहेत. कर्ष हे आपले जुने वजन. त्यावरून कार्षापण हे नाणे, पाणिनीलाही ठाऊक असलेले. तमिळमध्ये ‘कासु’ म्हणजे नाणे. पोर्तुगीजांनी त्याचे ‘कायशा’ केले आणि इंग्रजांनी ‘कॅश’. आधाराला यूल आणि बर्नेल यांचा १८८६ सालचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोश होताच.

गेल्या वर्षी एका वाचनालयातल्या व्याख्यानानंतर एक निवृत्त शिक्षिका जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, “पण कंपनी स्थापन होण्याआधीच हा शब्द इंग्रजीत होता ना?”

होता. कंपनीला सनद मिळाली १६०० साली; शब्द त्याआधीचा. एवढ्याने माझी बाजू पडत नव्हती, कारण पोर्तुगीज तर शंभर वर्षे आधीच इकडे आले होते. मला अडवले ते अर्थाने. त्या काळच्या इंग्रजीत कॅश म्हणजे पैशांची पेटीसुद्धा! फ्रेंच ‘केस’, इटालियन ‘कास्सा’, मूळ लॅटिन ‘काप्सा’; सगळ्यांचा अर्थ पेटी. पेटीचे नाव आतल्या पैशाला चिकटले. आमच्या किराणा दुकानात वडील रात्री विचारत, “आज गल्ला किती झाला?” तेव्हा लाकडी पेट्या कोणी मोजत नसे. (त्या हिशेबाने ‘कॅशबॉक्स’ म्हणजे पेटीची पेटी.)

कोश पुन्हा उघडला. ती नोंद पूर्वेकडच्या हलक्या नाण्यांविषयी आहे, हे तिच्या आरंभीच लिहिलेले होते. मी हवे तेवढेच वाचले होते. मद्रासकडे अशा ८० कॅशचा एक फणम आणि ४२ फणमांचा एक पॅगोडा होई. चीनमधल्या भोकाच्या नाण्यांनाही इंग्रज कॅशच म्हणत. म्हणजे शब्द दोन, कुळे दोन, रूप मात्र एक. पोर्तुगीज भाषेतही ‘कायशा’ म्हणजे पेटी. ‘कासु’ ऐकताना त्यांच्या कानाला आपलाच ओळखीचा शब्द ऐकू आला असावा.

आपला ‘कर्ष’ गेला तो या दुसऱ्या, लहान नाण्याच्या घरात. खिशातल्या रोकडीशी त्याचे नाते नाही.

माझ्या जुन्या पुस्तिकेच्या उरलेल्या प्रतींत मी आता पेन्सिलीने दुरुस्ती करतो आहे. खपलेल्या प्रतींचे काय करावे, ते सुचलेले नाही.