अंगावरील गुप्त शस्त्र : ठाणे–नाशिक परिसराच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावर टिटवाळा व वासिंद यांच्या दरम्यान खडवली हे स्थानक आहे. भातसा नदीच्या काठी वसलेल्या या गावाच्या परिसरात आदिवासी व शेतकरी समाजाची वस्ती असून, रानात लाकूडफाट्यासाठी जाणारा माणूस कमरेच्या मागे कोयता अडकवून निघतो, हे येथील नित्याचे दृश्य होय. तो कोयता कोणी लपवीत नाही आणि पाहणाऱ्यालाही त्याचे भय वाटत नाही. तोच कोयता अंगरख्याखाली दडवून कोणी बाजारात शिरला, तर मात्र त्याच्या हेतूविषयी शंका घेतली जाते. वस्तू एकच असूनही तिचे अंगावरील स्थान बदलताच तिचा सामाजिक अर्थ बदलतो.

शस्त्र अंगावर कोठे बाळगावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ सोयीचा वाटतो. शस्त्र चटकन हाती यावे, ते इतरांना दिसू नये आणि बाळगणाऱ्यालाच त्यापासून इजा होऊ नये, या तीन गरजा सर्व काळांत आढळतात. त्या एकाच वेळी पूर्णपणे साधत नाहीत. जे शस्त्र चांगले लपते ते काढण्यास वेळ लागतो आणि जे सहज हाती येते ते सहज दिसते. यांपैकी कोणत्या गरजेला प्राधान्य द्यावयाचे, हे मात्र व्यक्तीच्या आवडीपेक्षा राज्यसत्ता, कायदा व परस्परविश्वास यांवर अधिक अवलंबून राहिले आहे. हे सूत्र महाराष्ट्राच्या इतिहासातील, विशेषतः ठाणे–नाशिक परिसराशी निगडित घटनांच्या आधारे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रतिष्ठेचे शस्त्र आणि दडविलेले शस्त्र

ब्रिटिशपूर्व काळात शस्त्र हा प्रतिष्ठित पुरुषाच्या वेषाचाच एक भाग होता. कमरेच्या शेल्यात खोवलेली कट्यार आणि बाजूला लटकणारी तलवार ही बाळगणाऱ्याच्या दर्जाची खूण मानली जाई. दरबारातून मानवस्त्रांबरोबर शस्त्र बहाल करण्याची पद्धत होती आणि असे शस्त्र लोकांनी पाहावे हीच अपेक्षा असे. कट्यारीची आडवी मूठ कमरेपाशी समोरच राहत असल्याने ती एका हाताने सहज उपसता येई. म्हणजे शोभा आणि उपयुक्तता या दोन्ही दृष्टींनी कमरेचा पुढील भाग हेच तिचे स्वाभाविक स्थान होते.

याच काळात दडविण्याची शस्त्रेही प्रचारात होती. बिचवा हा वक्र पात्याचा लहान खंजीर अस्तनीत राहू शके. वाघनखांच्या कड्यांत बोटे घातली की नख्या तळहाताकडे वळत आणि मूठ मिटली की दिसेनाशा होत. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेल्या शिवाजी महाराज व अफजलखान यांच्या भेटीच्या संदर्भात बखरकारांनी या दोन्ही शस्त्रांचा तसेच अंगरख्याखालील चिलखताचा उल्लेख केला आहे. समकालीन ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातील वर्णन मात्र यापेक्षा वेगळे असून त्यात तलवारीला प्राधान्य आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनार्थ आणण्यात आली. तथापि हीच वाघनखे त्या प्रसंगी वापरली गेली याला पुरावा नसल्याचे त्या संग्रहालयाने स्वतःच नमूद केले आहे.

तपशिलातील हे मतभेद बाजूस ठेवले, तरी भेटीची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. दोन्ही पक्षांनी मोजकी माणसे बरोबर आणावीत असे ठरलेले असताना दोन्ही बाजूंना परस्परांविषयी पूर्ण अविश्वास होता. उघड शस्त्राने जेथे भेटच अशक्य झाली असती, तेथे वस्त्राखालच्या संरक्षणाला महत्त्व आले. गुप्त शस्त्र हे अविश्वासातून जन्मते. परंतु समोरच्याने थोडाफार विश्वास ठेवल्याखेरीज ते उपयोगी पडत नाही. पुढील काळातील घटनांतही हा विरोधाभास पुन्हा पुन्हा प्रत्ययास येतो.

निःशस्त्रीकरण आणि त्याचे परिणाम

१८५७ च्या उठावानंतर कंपनी सरकारने व पुढे ब्रिटिश राजसत्तेने प्रजेच्या हातातील शस्त्रे काढून घेण्याचे धोरण स्वीकारले. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत संमत झालेल्या १८७८ च्या अकराव्या कायद्याने या धोरणाला स्थायी रूप दिले. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला, मात्र युरोपीय लोकांना त्यातून सूट मिळाली. या भेदभावामुळे सुशिक्षित वर्गात तीव्र नाराजी पसरली आणि राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव केला.

या कायद्यानंतर शस्त्राच्या दृश्यतेचे गणितच उलटे झाले. पूर्वी जे रयतेतील मानकरी उघडपणे मिरवीत, ते आता सत्तेच्या प्रतिनिधींपुरते उरले. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या गणवेशात कमरेच्या पट्ट्याला खांद्यावरून तिरका जाणारा पट्टा जोडण्याची पद्धत रूढ झाली. १८५८ च्या लढाईत डावा हात गमावलेल्या सॅम्युअल ब्राउन या अधिकाऱ्याच्या नावाने तो पट्टा ओळखला जातो. एका हाताच्या माणसास तलवार व पिस्तूल सांभाळता यावे या गरजेतून निघालेली ही योजना पुढे अनेक देशांतील सैन्य व पोलीस दलांनी उचलली. अधिकाऱ्याच्या कमरेचे झाकणदार होल्स्टर दुरूनही दिसे आणि ते दिसावे हाच त्याचा हेतू होता. प्रजेतील ज्या कोणास शस्त्र बाळगावयाचे असेल, त्याला मात्र ते दडविण्यावाचून गत्यंतर उरले नाही. कोणीही न बोलता, शस्त्राच्या जागेवरूनच शासक आणि शासित यांची ओळख पटू लागली.

तलवारीकडून पिस्तुलाकडे

२२ जून १८९७ रोजी पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर दामोदर व बाळकृष्ण चापेकर यांनी प्लेगचे अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. दामोदर यांच्या आत्मवृत्तातील वृत्तांतानुसार, पिस्तुलांबरोबर त्यांनी तलवारीही नेल्या होत्या. परंतु त्या अडचणीच्या ठरतील म्हणून जवळच्या मोरीखाली ठेवून दिल्या. हा तपशील लहान असला तरी अर्थपूर्ण आहे. परंपरेचा मान तलवारीला होता, तर प्रत्यक्ष कार्याला वस्त्राखाली मावणारे शस्त्र हवे होते. त्या मोरीपाशी दोन युगांची शस्त्रे एकमेकांपासून वेगळी झाली, असे म्हणता येईल.

त्यानंतरच्या दशकात तंत्रज्ञानानेही मोठी मजल मारली. रिव्हॉल्व्हरमधील गोळ्यांची फिरती नळकांडी जाड असल्याने ती कपड्यांखालून उठून दिसे. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन संशोधकाने आराखडा केलेली आणि १९०० पासून बेल्जियममध्ये तयार होऊ लागलेली स्वयंचलित पिस्तुले मात्र चपटी होती. त्यांतील गोळ्या मुठीत एकावर एक रचलेल्या असत. त्यामुळे जाडी कमी होऊन असे पिस्तूल कोटाच्या खिशात किंवा कमरेपाशी सहज राहू लागले. याच सुमारास शहरी भारतीय तरुणांत कोटाचा वापर वाढला होता. शस्त्राचा आकार व वेष यांतील या बदलांनी लपविण्याची अडचण बरीच कमी केली.

नाशिक, १९०९ व ठाणे, १९१०

१९०९ च्या प्रारंभी लंडनहून विनायक दामोदर सावरकर यांनी वीस ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात पाठविली. इंडिया हाउसमध्ये स्वयंपाकाचे काम करणाऱ्या चतुर्भुज अमीन यांच्या पेटीला दुहेरी तळ करून त्यात ती दडविली होती. यांपैकी काही पिस्तुले नाशिकच्या क्रांतिकारकांच्या हाती आली. त्याच वर्षी जून महिन्यात गणेश दामोदर सावरकर यांना जन्मठेप झाली. त्यांच्यावरील खटला नाशिकचे जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांनी वरिष्ठ न्यायालयाकडे सोपविला होता, त्यामुळे क्रांतिकारकांचा रोष जॅक्सन यांच्यावर केंद्रित झाला.

जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते आणि नाशिककरांत त्यांचे काही चाहतेही होते. मुंबईस बदली झाल्यामुळे त्यांच्या सन्मानार्थ २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग ठेवण्यात आला. निरोपासाठी जमलेल्या प्रेक्षकांची झडती घेण्याची कल्पना त्या काळी कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. औरंगाबादेत शिकणारा अनंत लक्ष्मण कान्हेरे हा कोवळ्या वयाचा तरुण पिस्तूल अंगावर बाळगून तेथे आला आणि त्याने जॅक्सन यांना ठार केले. कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे हे त्याच्या साथीला होते. १९ एप्रिल १९१० रोजी या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. जॅक्सनवधास साहाय्य केल्याबद्दल सावरकरांनाही जानेवारी १९११ मध्ये दुसरी जन्मठेप झाली व त्या खटल्यात पिस्तुलांची पाठवणी हा प्रमुख मुद्दा होता.

नाशिक ते ठाणे हे अंतर ज्या लोहमार्गाने जोडले आहे, त्यावरच खडवली वसले आहे. कल्याण ते वासिंद हा त्याचा टप्पा १ ऑक्टोबर १८५५ रोजी खुला झाला होता. अर्धशतकात या मार्गाने मुंबई, ठाणे व नाशिक यांना इतके जवळ आणले, की बंदरात उतरलेली वस्तू, विचार किंवा माणूस एका दिवसात घाटावर पोहोचू शके. गुप्त शस्त्राच्या प्रसारात बंदर, रेल्वे व प्रवासी सामान यांचा वाटा शरीरावरील जागेइतकाच महत्त्वाचा असतो, हे यावरून ध्यानात येते.

विश्वासाची किंमत

परकीय सत्तेविरुद्ध वापरले गेलेले गुप्त शस्त्र आणि स्वकीयांविरुद्ध वापरले गेलेले गुप्त शस्त्र यांत जनमानसाने नेहमीच भेद केला आहे. कान्हेरे यांचे स्मरण महाराष्ट्रात आदराने केले जाते. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या करणाऱ्या नथुराम गोडसे याचे कृत्य मात्र देशाला हादरवून गेले. त्या घटनेच्या दहा दिवस आधी प्रार्थनास्थळी स्फोट झाला होता आणि येणाऱ्यांची झडती घ्यावी अशी पोलिसांची सूचना होती. प्रार्थनेला येणाऱ्या माणसाची झडती घेणे गांधीजींना मान्य नव्हते. गोडसे याच्याजवळचे बेरेटा पिस्तूल लहान व लपण्याजोगे होते, परंतु ते तेथवर पोहोचले ते केवळ लहान असल्यामुळे नव्हे. सभेचे दार विश्वासाने उघडे ठेवलेले होते.

हेतूंत व नैतिक मूल्यमापनात जमीनअस्मानाचा फरक असला, तरी १९०९ व १९४८ या दोन्ही घटनांचा एक परिणाम समान आहे. अशा प्रत्येक घटनेनंतर नाट्यगृह, सभा व प्रार्थना यांचे उघडे दार थोडे अधिक मिटते. गुप्त शस्त्राचा भार केवळ बाळगणाऱ्याच्या कमरेवर पडत नाही. झडतीच्या रूपाने तो निरपराध समाजालाही वाहावा लागतो.

स्वातंत्र्योत्तर कायदा

१८७८ च्या कायद्याची जागा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने घेतली व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी असलेल्या वस्तू या अधिनियमाने शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या. खडवलीच्या शेतकऱ्याचा कोयता आणि पिस्तूल यांतील जो फरक समाज व्यवहाराने ओळखतो, त्याला येथे कायद्याची मान्यता मिळाली. अशांततेच्या काळात मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या ३७ व्या कलमाखालील मनाई आदेशांनी काठी, भाला, तलवार इत्यादी वस्तू बरोबर नेण्यावरही बंदी घालता येते.

बंदुका व पिस्तुलांबाबत परवान्याची अट कायम आहे. ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त, तर तिच्या बाहेरील ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी हे परवाना देणारे अधिकारी असतात. २०१६ च्या शस्त्र नियमांनी अंगावरील जागेच्या प्रश्नालाही हात घातला. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल नेताना ते अंगाला जोडलेल्या होल्स्टरमध्ये अथवा योग्य पिशवीत, पूर्णपणे झाकलेले व बाळगणाऱ्याच्या नियंत्रणात असावे, असे ते सांगतात. शस्त्र मिरविण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आनंदोत्सवातील बेजबाबदार गोळीबारासही शिक्षा ठरविली आणि एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली.

येथे इतिहासाचे एक वर्तुळ पूर्ण झाल्याचे दिसते. पेशवाईतील मानकऱ्याने शस्त्र दाखविणे हा शिष्टाचार होता. ब्रिटिश काळात ते दडविणे हे बंडखोरीचे लक्षण ठरले. आज परवानाधारकाने ते झाकून ठेवणे हे कायद्याचे पालन होय. मात्र या झाकण्याचा अर्थ पूर्वीच्या दडविण्याहून भिन्न आहे. शस्त्र लोकांच्या नजरेआड असले तरी त्याची नोंद शासनाच्या दप्तरी असते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते, की शस्त्राच्या जागेची निवड ही शरीररचना, वस्त्र व यंत्र यांच्या मर्यादांत होत असली, तरी तिला अर्थ प्राप्त होतो तो समाजातील संबंधांमुळे. शेल्यातील कट्यार, अस्तनीतील बिचवा, अधिकाऱ्याचे झाकणदार होल्स्टर, दुहेरी तळाच्या पेटीतील ब्राउनिंग आणि आजच्या परवानाधारकाचे झाकलेले पिस्तूल या साऱ्यांच्या मागे एकच प्रश्न उभा आहे. शस्त्र कोणाच्या नजरेस पडावे आणि कोणापासून दूर राहावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? परकीय सत्तेने तो अधिकार प्रजेला न विचारता घेतला आणि त्याची परिणती ठाण्याच्या तुरुंगातील तीन तरुणांच्या फाशीपर्यंत झाली. प्रजासत्ताकात तो अधिकार लोकप्रतिनिधींनी केलेल्या कायद्याकडे आहे. त्या कायद्याची अंमलबजावणी भेदभावरहित राहिली, तरच नागरिक एकमेकांसमोर निःशंकपणे बसू शकतील. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी ठाणे जिल्ह्यातील तुरुंग, लोहमार्ग व ग्रामीण परवाने यांचा या दृष्टीने अधिक सखोल अभ्यास करण्यास पुष्कळ वाव आहे.