नोसामो: पराभूत उमेदवाराचे इंटरनेटवरील सैन्य

१८ डिसेंबर २००२. दक्षिण कोरियात राष्ट्राध्यक्षपदाचे मतदान सुरू होण्यास जेमतेम आठ तास उरले होते. रात्री दहाच्या सुमारास वृत्त आले, की ह्युंदाई घराण्यातील नेते चुंग मोंग-जून यांनी रो मू-ह्यून यांना दिलेला पाठिंबा काढून घेतला आहे. मध्यरात्रीनंतर रो मनधरणीसाठी चुंग यांच्या घरी गेले. दार उघडले नाही. बंद दारासमोर ताटकळलेला उमेदवार साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिला.

दुसऱ्या दिवशी रो सुमारे ५ लाख ७१ हजार मतांनी निवडून आले.

या रात्रीची कथा इंटरनेट आणि राजकारण यांविषयीच्या चर्चेत वारंवार सांगितली जाते. बातमी फुटताच हजारो तरुण संगणकांसमोर बसले, संकेतस्थळांवर संदेशांचा पाऊस पडला, दिवस उजाडल्यावर भ्रमणध्वनींवरून ‘मतदानाला जा’ असे निरोप फिरू लागले आणि बाजी पालटली, अशी ती कथा. निरोप फिरले हे खरे. मतदानाच्या दिवशी प्रचारास बंदी असली तरी मतदान करा एवढे सांगण्यास आडकाठी नव्हती. विशी-तिशीतील मतदारांपैकी सुमारे ६० टक्क्यांनी रो यांना मत दिले, हेही खरे.

परंतु एक आकडा या कथेच्या आड येतो. १९९७ च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत ८०.७ टक्के मतदान झाले होते. २००२ मध्ये ते ७०.८ टक्क्यांवर उतरले. मतदानकेंद्रांवर लोटलेली लाट आकड्यांत दिसत नाही. त्या रात्रीच्या धावपळीने काही मते नक्कीच वाचवली असतील, पण इंटरनेटचा खरा पराक्रम शोधायचा तर अडीच वर्षे मागे जावे लागते.

रो हे ग्योंगसांग प्रांतातील गिम्हे इथल्या गरीब शेतकरी कुटुंबातले. महाविद्यालयाचे तोंड न पाहता, घरी अभ्यास करून ते वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. लष्करी राजवटीत अटक झालेल्या विद्यार्थ्यांचे खटले त्यांनी लढवले आणि १९८८ मध्ये ते संसदेत पोहोचले. पुढची वाट मात्र पराभवांची होती. आपल्याकडे मतदारसंघाचे गणित जातीवर मांडतात, तसे कोरियात ते प्रांतावर मांडले जाई. आग्नेयेकडील ग्योंगसांगने एका पक्षाला मत द्यायचे, नैर्ऋत्येकडील जॉल्लाने दुसऱ्याला. रो ग्योंगसांगचे, पण त्यांचा पक्ष जॉल्लाच्या किम दे-जुंग यांचा. २००० च्या एप्रिलमध्ये सोलमधील हाती असलेली जागा सोडून ते मुद्दाम बुसानमध्ये उभे राहिले. प्रांतवादाची भिंत पाडायची, एवढाच हट्ट. अपेक्षेप्रमाणे ते हरले.

त्यानंतर जे घडले ते कोणी योजले नव्हते. रो यांच्या संकेतस्थळावर अनोळखी माणसांची सांत्वनपत्रे येऊ लागली. त्यांना ‘बाबो’ हे टोपणनाव मिळाले. बाबो म्हणजे खुळा, आणि ते प्रेमाने म्हटले जाई. त्या पत्रलेखकांतून ‘नोसामो’ जन्मली. ‘रो यांच्यावर प्रेम करणाऱ्यांचा मेळावा’ या कोरियन शब्दांचे हे लघुरूप (रो या आडनावाचा मूळ उच्चार ‘नो’). ६ जून २०००ला देजॉन शहरातील एका ‘पीसी बांग’मध्ये, म्हणजे तासावर भाडे घेणाऱ्या संगणक-खेळांच्या अड्ड्यावर, संस्थापना मेळावा भरला. देजॉन साधारण देशाच्या मध्यावर. ग्वांगजूच्या माणसालाही सोयीचे आणि बुसानच्याही. ही निवड वरवर किरकोळ वाटते, पण ज्या दोन प्रांतांची माणसे राजकारणात एकमेकांचे तोंड पाहत नसत, ती इथे एकाच खोलीत बसली.

साधनेही अनुकूल होती. २००२ पर्यंत देशात वेगवान इंटरनेटच्या जोडण्या एक कोटीवर पोहोचल्या. फेब्रुवारी २००० मध्ये सुरू झालेले ‘ओहमायन्यूज’ हे वृत्तस्थळ सामान्य नागरिकांनी लिहिलेल्या बातम्या छापत होते. प्रस्थापित मोठी दैनिके रो यांच्याशी फटकून वागत. त्यांना वळसा घालून वाचकापर्यंत जाणारी वाट तयार झाली होती.

तरीही नुसत्या वाटेने कोणी उमेदवार होत नाही. उमेदवारी पक्षाचे श्रेष्ठी ठरवत आणि श्रेष्ठींच्या लेखी रो यांना वजन नव्हते. किम दे-जुंग यांचा पक्ष भ्रष्टाचाराच्या आरोपांनी गांजला नसता, तर नोसामो एक हौशी मंडळच राहिली असती. २००१ च्या शरदात पोटनिवडणुका हरल्यावर किम यांनी पक्षाध्यक्षपद सोडले. पक्षाने प्रतिमा सावरण्यासाठी कोरियात पूर्वी कधी न झालेला प्रयोग केला. उमेदवार निवडण्यासाठी ७०,००० जणांचे मतदारमंडळ नेमायचे आणि त्यातील निम्मे लोक पक्षाबाहेरचे, अर्ज मागवून सोडतीने निवडलेले असतील, असे ठरले.

श्रेष्ठींना हा देखावा वाटला असावा. नोसामोने त्यात उघडे दार पाहिले. सोडत असेल तर जितके अर्ज अधिक तितकी संधी अधिक, हे साधे गणित. सदस्यांनी मित्र, नातेवाईक, सहकारी यांना अर्ज भरायला लावले. ज्यांची नावे निघाली त्यांच्याशी बोलणे, सभागृहाच्या दारात पिवळे रुमाल घेऊन उभे राहणे, ही कामे पगारी कार्यकर्त्यांविना झाली. इंटरनेटने इथे मते दिली नाहीत. विखुरलेल्या माणसांना एकमेकांचा पत्ता दिला, आणि पुढचे काम त्यांनी पायी केले.

९ मार्च २००२ रोजी जेजू बेटावर पहिली फेरी झाली, तेव्हा रो तिसरे आले. आघाडीवर मानले जात ते री इन-जे. कसोटी होती १६ मार्चला ग्वांगजूत. १९८० मध्ये लष्कराने जिथे लोकशाहीवादी आंदोलकांचे रक्त सांडले, ते हे जॉल्लाचे शहर. त्याच प्रांताचे हान ह्वा-गाप रिंगणात असताना ग्वांगजूने ग्योंगसांगच्या माणसाला पहिली पसंती दिली. प्रांतवादाची भिंत प्रथम तडकली ती इथे. एप्रिलअखेर रो पक्षाचे उमेदवार झाले.

उन्हाळ्यात मात्र सारे उधळण्याची वेळ आली. जूनमध्ये स्थानिक निवडणुकांत पक्ष सपाटून हरला आणि स्वपक्षीयच उमेदवार बदलण्याची भाषा करू लागले. तिकडे विश्वचषक फुटबॉलच्या यशावर आरूढ होऊन चुंग मोंग-जून पुढे सरकले. अखेर नोव्हेंबरमध्ये दोघांनी जनमत चाचणीवर फैसला सोपवला आणि ती रो यांनी जिंकली. या पडत्या काळात समर्थकांनी पिवळे प्लास्टिकचे डुकराचे गल्ले घरोघर दिले, चिल्लर साठवून प्रचाराला द्यायची म्हणून. १८ डिसेंबरच्या रात्री चुंग यांनी दार बंद केले, तेव्हा रो यांच्यामागे अडीच वर्षे मुरलेली ही माणसे होती. रातोरात सैन्य उभे राहिले नाही. ते आधीपासून जागे होते.

गल्ल्यांचे चित्र मोहक, पण अपुरे. निवडणुकीनंतरच्या चौकशीत दोन्ही बाजूंनी उद्योगसमूहांकडून बेकायदा पैसा घेतल्याचे उघड झाले. विरोधकांचा आकडा कितीतरी मोठा होता. आपली रक्कम त्यांच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक निघाली तर पद सोडेन, असे रो म्हणाले. चिल्लर साठवणाऱ्यांना हे ऐकून काय वाटले असेल!

२००३ मध्ये रो यांनी इराकला सैनिक पाठवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा नोसामोत फूट पडली. ज्या फलकांवर त्यांचा जयजयकार झाला होता, तिथेच सदस्यांनी त्यांना जाब विचारला. १२ मार्च २००४ रोजी संसदेने महाभियोग संमत केल्यावर मात्र मेणबत्त्या घेतलेली गर्दी सोलच्या रस्त्यांवर उतरली, एप्रिलच्या निवडणुकीत रो समर्थक उरी पक्षाला २९९ पैकी १५२ जागा मिळाल्या आणि १४ मे रोजी घटना न्यायालयाने महाभियोग फेटाळला.

त्याच मार्चमध्ये विरोधी पक्षाचे नेतृत्व लष्करशहा पार्क चुंग-ही यांची कन्या पार्क ग्युन-हे यांच्याकडे आले होते. महिना संपण्याआधी त्यांच्या चाहत्यांनीही इंटरनेटवर एक मंडळ काढले आणि नाव ठेवले ‘पाकसामो’. राष्ट्राध्यक्ष झालेल्या पार्क यांच्यावर २०१६ मध्ये महाभियोग आला, तेव्हा मेणबत्त्यांच्या गर्दीसमोर राष्ट्रध्वज फडकवत त्यांच्या बचावासाठी उतरलेल्यांत हे पाकसामो आघाडीवर होते.