एक तोळ्याची गोळी

मागच्या नोव्हेंबरची गोष्ट. घरातला दिवाळीचा फराळ संपत आला होता आणि ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं मला हिल कंट्रीतल्या त्याच्या रानावर नेलं. टेक्सासमध्ये हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो. मी अर्थातच फक्त बघ्या. संध्याकाळी त्याच्या पुतण्यानं पांढऱ्या शेपटीच्या एका हरणीवर गोळी झाडली. नेम चुकला नव्हता, गोळी बरगडीतच लागली होती. तरी हरणी पळाली आणि रात्री अकरापर्यंत आम्ही विजेऱ्या घेऊन रक्ताचे थेंब शोधत फिरलो. सापडली तेव्हा ती जिवंत होती. सहकारी पुतण्यावर ओरडला नाही. त्यानं रायफलमधलं उरलेलं काडतूस काढून त्याच्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, "ही गोळी कागदावर मारायची. हरणावर नाही."

फ्रिस्कोला परतलो, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. गोळी ती गोळी, त्यात कागदाची आणि हरणाची वेगळी कशी? शोधू लागलो आणि पाहतो तर काय, या इतिहासात पावलोपावली आपला देश!

१८५७ च्या एन्फिल्ड काडतुसाची कथा आपण शाळेतच शिकलो: कागदी वेष्टन, त्यावरची चरबी, ते दातानं तोडायचं. त्या काळी गोळी नुसत्या मऊ शिशाची असे. पुढे १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. (पुण्यात शिकलेल्या आमच्यासारख्यांना खडकी म्हणजे लोकलचं एक स्टेशन, इतकंच ठाऊक!) खरी उलथापालथ झाली ती १८८० च्या दशकात, फ्रान्समध्ये बिनधुराची दारू निघाली तेव्हा. गोळीचा वेग इतका वाढला की उघडं शिसं नळीच्या आत खरवडून चिकटू लागलं. म्हणून गोळीला तांब्यासारख्या कठीण धातूचं कवच चढवलं गेलं. ब्रिटिशांची .३०३ ही अशीच कवचाची गोळी. पण ती शरीरातून सुईसारखी आरपार जायची आणि लागलेला माणूस थांबायचा नाही. १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर सैन्यातून याच तक्रारी आल्या. तेव्हा कलकत्त्याजवळच्या डमडम शस्त्रागारात कवचाचं टोक उघडं ठेवून, आतलं मऊ शिसं बाहेर दिसेल अशी गोळी बनवली गेली. ती लागताच फुलायची. त्या जखमा इतक्या भयंकर होत्या की १८९९ मध्ये हेग परिषदेनं फुलणाऱ्या गोळ्या युद्धात वर्ज्य ठरवल्या.

मजा अशी की युद्धात जी क्रूर ठरली, तीच शिकारीत दयेची मानली जाते. पुतण्याच्या रायफलीत होती ती पूर्ण कवचाची, सैनिकी धाटणीची, स्वस्त सरावाची गोळी. हरणासाठी हवी फुलणारी, म्हणजे फुप्फुसं आणि हृदय निकामी होऊन जनावर काही क्षणांत पडतं. इथल्या शिकाऱ्यांची लाडकी थर्टी-थर्टी विंचेस्टर १८९५ मध्ये आली, तीही मऊ टोकाच्या गोळीसह. अमेरिकी सैन्याची थर्टी-ऑट-सिक्स १९०६ ची. पुढे शिकाऱ्यांनी तीही आपलीशी केली.

पण मऊपणालाही मर्यादा असते. १९४६ मध्ये जॉन नॉस्लर नावाचे गृहस्थ ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेले होते. मूस म्हणजे उत्तरेकडचं, घोड्याहूनही थोराड हरीण. आपल्या सांबराचा भीमकाय चुलतभाऊच म्हणा. अंग चिखलानं माखलेल्या एका नरावर त्यांनी गोळ्यांमागून गोळ्या झाडल्या, पण त्या वरच्यावरच फुटून विखुरल्या. घरी येऊन त्यांनी अशी गोळी बनवली, जिच्या मध्यावर तांब्याची आडवी भिंत होती. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून खोल जातो. १९४८ मध्ये त्यांनी ती विकायला काढली आणि आजही ती दुकानात मिळते. मला हा माणूस फार आवडला. सॉफ्टवेअर चाललं नाही की आम्हीही हेच करतो, पण आमच्यापायी कुणी जखमी होऊन रानात पळत नाही.

दुकानातल्या खोक्यांवर गोळीचं वजन ग्रेनमध्ये छापलेलं असतं. हरणासाठी १५० ग्रेनच्या आसपास आणि मूससारख्या जनावराला १८० किंवा जास्त, असा साधारण हिशेब. १८० हा आकडा ओळखीचा वाटला म्हणून पाहिलं, तर इंग्रजांनी १८३३ मध्ये ठरवलेला तोळा बरोबर १८० ग्रेनचा! कंपनी सरकारचा चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा. आमच्या घरी आजीच्या डब्यातून आलेलं तोळ्याचं पितळी वजन आहे. ते मी हातात घेऊन बराच वेळ बसलो.

टेक्सासात मूस नाही. इथे ती जागा घेते, सांगितलं तर खोटं वाटेल, आपली नीलगाय, विदर्भातला रोही! १९३० च्या आसपास दक्षिण टेक्सासमधल्या किंग रँचनं ती आणून सोडली. काळवीटही १९३२ मध्ये आलं. हिल कंट्रीतलं हरीण ५०-६० किलोचं, तर नीलगायीचा नर २०० किलोंच्या वर, कातडी जाड, रक्ताचा माग कमी. म्हणून तिच्यासाठी वाटाडे तोळाभर वजनाची, न फुटणारी गोळीच आणायला सांगतात. ही परकी जनावरं असल्यामुळे त्यांना इथे बंद हंगाम नाही. परवाना आणि रानमालकाची संमती असली की झालं. तिकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं काळविटाला पूर्ण संरक्षण दिलं आणि त्याच्यासाठी १९८० मध्ये कर्जत तालुक्यात रेहेकुरी अभयारण्य झालं.

आता मुलगा चौदाचा आहे आणि त्याला मित्राच्या वडिलांबरोबर जायचंय. बायकोचा स्पष्ट नकार आहे. माझं उत्तर अजून ठरलेलं नाही. त्या हरणीचे डोळे मी पाहिले आहेत, आणि चिकन मात्र दर रविवारी खातो, म्हणून तोंड उघडवत नाही. एवढं सांगितलंय की आधी शिकारीचा सरकारी अभ्यासक्रम पूर्ण कर. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो लागतोच, म्हणजे मलाही. दोघांनी एकाच टेबलावर बसून केला. गोळीच्या प्रश्नांत तो माझ्या पुढे निघाला.