विश्वकिरण, अंतराळवीर आणि मुंबईने दिलेला आसरा

जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून परतले. तिथे त्यांनी काय खाल्ले, ते कसे झोपले, खिडकीतून भारत कसा दिसला, यावर भरपूर लिहिले-बोलले गेले. त्याआधी २०२३ मध्ये अमिरातीचे सुलतान अल नेयादी सहा महिने त्याच स्थानकात होते. तेव्हा आपल्या उर्दू वर्तुळात चर्चा रंगली ती रोज्यांची, नमाजाच्या वेळांची आणि किब्ल्याच्या दिशेची. हे प्रश्न चांगलेच आहेत. पण या दोघांच्या शरीरातून तिथे दर क्षणी काय आरपार जात होते, हे फारसे कुणी विचारले नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीने मात्र विचारले, "सर, वर गेल्यावर कॅन्सर होतो का?"

तिला हो किंवा नाही असे एका शब्दात सांगता येत नाही. खरे उत्तर एका इतिहासातून जाते आणि त्या इतिहासाचा मोठा भाग आपल्या मुंबईत घडला आहे.

शुआ नव्हे, कण

मी भाषेचा शिक्षक, म्हणून शब्दापासून सुरुवात करतो. मराठीत आपण 'विश्वकिरण' म्हणतो, उर्दूत 'कायनाती शुआएं'. दोन्ही शब्द देखणे आहेत आणि दोन्ही फसवे आहेत. हे किरण नाहीत, कण आहेत. इंग्रजी नाव अमेरिकन शास्त्रज्ञ मिलिकन यांनी १९२० च्या दशकात दिले. तेव्हा तो एक प्रकारचा प्रकाश असावा असे त्यांना वाटत होते. समजूत चुकीची ठरली, नाव मात्र राहिले आणि आपण त्याचा तर्जुमा केला.

शोध त्याआधीचा. ७ ऑगस्ट १९१२ रोजी ऑस्ट्रियाचे व्हिक्टर हेस उघड्या पाळण्याच्या बलूनमधून ५,३०० मीटर उंचीवर गेले. रेडिएशन जमिनीतून येत असेल तर वर जाताना ते घटायला हवे होते. सुरुवातीला थोडे घटले, मग वाढतच गेले. म्हणजे ते वरून येत होते. १९३६ मध्ये हेस यांना नोबेल मिळाले.

हे कण म्हणजे ताऱ्यांच्या स्फोटांसारख्या प्रचंड घडामोडींतून सुटलेली अणुकेंद्रे, जवळपास प्रकाशाच्या वेगाने धावणारी. शंभरातली सुमारे ८७ हायड्रोजनची, १२ हेलियमची आणि उरलेले एखादेच जड मूलद्रव्याचे. हे एखादेच लक्षात ठेवा, कारण खरा धोका तिथे आहे.

जमिनीवर आपल्या डोक्यावर दोन छते आहेत. एक हवेचे, दुसरे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे. चुंबकीय विषुववृत्ताजवळ हे दुसरे छत सर्वांत मजबूत असते आणि भारत त्याच पट्ट्यात येतो. मंद कण इथे पोचतच नाहीत, फक्त अतिवेगवान तेवढे घुसतात.

पेडर रोडचा बंगला

१९३९ मध्ये होमी भाभा केंब्रिजहून सुटीवर भारतात आले होते. महायुद्ध पेटले आणि ते इथेच राहिले. त्यापूर्वी १९३७ मध्ये त्यांनी हाइटलर यांच्यासोबत एक सिद्धांत मांडला होता. एक वेगवान कण पदार्थावर आदळला की त्यातून दोन, दोनातून चार असा कणांचा वर्षाव कसा होतो, हे त्यात सांगितले होते. बंगळुरूला त्यांनी विश्वकिरणांचे संशोधन सुरू केले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली आणि वर्षअखेरीस ती मुंबईत पेडर रोडवरच्या 'केनिलवर्थ' बंगल्यात आली. चार वर्षांनी संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली, कुलाब्याची आजची वास्तू १९६२ ची.

विश्वकिरण गाठायचे तर वर जायला हवे. म्हणून संस्थेने बलून सोडले, पुढे प्लास्टिकचे बलून स्वतः तयार केले. १९५९ पासून हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या मैदानावरून ते उडू लागले. उर्दूतून उच्च शिक्षण देणारे देशातले पहिले विद्यापीठ ते हेच. आमचा बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे उस्मानियाचे नाव आमच्याकडे आजही घरच्यासारखे घेतले जाते. नंतर हैदराबादेत बलूनचे कायमचे केंद्र उभे राहिले. तिथून उडालेले बलून ३० ते ४० किलोमीटर उंची गाठतात आणि त्यांची उपकरणे हैदराबाद ते सोलापूर या रेषेच्या आसपासही पॅराशूटने उतरतात. अशी पेटी शेतात सापडली तर उघडू नका, पोलिसांना कळवा, अशी सूचना संस्था काढत असते.

आसरा मिळालेला माणूस

आता त्या शंभरातल्या एखाद्या जड कणाकडे येतो. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी मिळून बलूनमधून फोटोच्या प्लेटा वर पाठवल्या. त्यांवर जाड, ठसठशीत रेघा उमटल्या. विश्वकिरणांत जड अणुकेंद्रेही असतात, याचा तो पहिला पुरावा होता. हा शोध लावणाऱ्यांत बर्नार्ड पीटर्स होते.

पीटर्स जर्मनीतल्या ज्यू घरातले. हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांना डाखाऊच्या छळछावणीत टाकण्यात आले. तिथून सुटून ते अमेरिकेत पोचले, ओपेनहायमर यांच्याकडे शिकले. पण १९४९ च्या सुमारास अमेरिकेत कम्युनिस्ट शोधून काढण्याची लाट आली. खुद्द ओपेनहायमर यांची त्यांच्याविरुद्धची साक्ष वर्तमानपत्रात छापून आली. ज्या देशाने आसरा दिला, त्याच देशात ते संशयित झाले.

तेव्हा भाभांनी दार उघडले. १९५१ मध्ये पीटर्स मुंबईत आले आणि अनेक वर्षे राहिले. देवेंद्र लाल, यश पाल असे तरुण त्यांच्यासोबत काम करून मोठे झाले. माणूस कोणत्या धर्माचा, कोणत्या विचाराचा आणि कुठून हाकललेला, हे न विचारता मुंबईने त्याला टेबल आणि सूक्ष्मदर्शक दिले. नुकताच फाळणीतून गेलेला गरीब देश हे करू शकला.

ही एकच गोष्ट नाही. बिभा चौधुरी यांनी डॉ. डी. एम. बोस यांच्यासोबत हिमालयात फोटोच्या प्लेटा ठेवून विश्वकिरण टिपले होते. १९४९ मध्ये त्या टाटा संस्थेतल्या पहिल्या महिला संशोधक झाल्या. पियारासिंग गिल शिकागोत कॉम्प्टन यांच्याकडे शिकले, लाहोरला शिकवले आणि फाळणीनंतर अलिगढ मुस्लिम विद्यापीठात भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. काश्मीरमध्ये गुलमर्गला विश्वकिरणांची वेधशाळा त्यांनी उभी केली. शीख प्राध्यापक, मुस्लिम विद्यापीठ, काश्मीरचा डोंगर. अलिगढची चर्चा फक्त राजकारणापुरती करणाऱ्यांनी हा धडाही वाचावा, आणि आपणही तो मुलांना सांगावा.

शरीराचा हिशेब

या कणांनी नेमके काय होते? भारित कण पेशीतून जाताना वाटेतले रेणू मोडत जातो. त्याचा मारा विद्युतभाराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. लोखंडाच्या केंद्रावर २६ भार, म्हणून त्याच वेगाच्या हायड्रोजनच्या केंद्रापेक्षा ते ६७६ पट ऊर्जा पेशीत सांडते. डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटतात. पेशी ते जोडते, पण कधी चुकीचे जोडते. कर्करोगाची सुरुवात अशी होऊ शकते. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांना अंधारात डोळे मिटल्यावरही प्रकाशाचे ठिपके दिसले. ते कण डोळ्यातून जात होते. २००१ मध्ये नासाच्या अंतराळवीरांच्या अभ्यासात दिसले की जास्त मात्रा मिळालेल्यांना मोतीबिंदूचा धोका अधिक होता.

आता आकडे. जमिनीवर जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट नैसर्गिक रेडिएशन मिळते. अंतराळ स्थानकात दिवसाला साधारण अर्धा मिलिसिव्हर्ट किंवा थोडे अधिक. हवेचे छत तिथे नसते, पण चुंबकत्वाचे बरेचसे असते. या हिशेबाने शुक्लांच्या वाट्याला दहाच्या आसपास, अल नेयादींच्या वाट्याला शंभरच्या आसपास येतात. मंगळाची वाट मात्र दोन्ही छतांबाहेरची. क्युरिऑसिटी यानाने जाताना रोज सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट मोजले. त्यावरून फक्त जाण्यायेण्याचा हिशेब ६६० च्या घरात जातो. नासाने २०२२ मध्ये संपूर्ण कारकिर्दीची मर्यादा ६०० ठरवली आहे. म्हणजे मंगळाची एकच फेरी ती ओलांडते.

हजार मिलिसिव्हर्टमागे कर्करोगाने मृत्यूची शक्यता सुमारे पाच टक्क्यांनी वाढते, असे मानले जाते. म्हणून त्या मुलीला सांगितले, वर गेल्यावर कॅन्सर होतोच असे नाही, त्याची शक्यता थोडी वाढते. मात्र हा अंदाज मुख्यतः जपानच्या अणुबॉम्बमधून वाचलेल्या माणसांवरून बांधलेला आहे. जड कणांना तो किती लागू पडतो, हा प्रश्न अजून खुला आहे.

मग जाड भिंत का बांधत नाहीत? कारण जड कण धातूवर आदळला की फुटतो आणि नव्या कणांचा मारा सुरू होतो. भाभांचा वर्षाव इलेक्ट्रॉन आणि प्रकाशकणांचा होता, इथे केंद्रांचे तुकडे उडतात, पण एकातून अनेक हे चित्र तेच. म्हणून शिशापेक्षा पाणी आणि प्लास्टिकसारखे हायड्रोजनने भरलेले पदार्थ बरे. २०२२ मध्ये चंद्राभोवती गेलेल्या आर्टेमिस १ मध्ये हेल्गा आणि झोहर या दोन स्त्रीदेहाच्या पुतळ्या होत्या. एकीला संरक्षक जाकीट होते, दुसरीला नव्हते.

अनुराधा

या इतिहासातले एक नाव आपल्याकडे विसरले गेले आहे. २९ एप्रिल १९८५ रोजी चॅलेंजर यानातून 'अनुराधा' नावाचे भारतीय उपकरण अंतराळात गेले. टाटा संस्थेच्या प्रा. बिस्वास यांच्या गटाचे हे काम. त्यात खास प्लास्टिकचे थर होते. कण गेला की त्याचा माग उरतो, मग रसायनात बुडवून तो मोठा करून मोजतात. यातले सीआर-३९ हे प्लास्टिक चष्म्याच्या भिंगांतही वापरतात. अंतराळवीरांना किती जड कण लागले, हे मोजायच्या पट्ट्याही त्याचीच असतात. त्यानंतर नऊ महिन्यांनी, २८ जानेवारी १९८६ रोजी, तेच चॅलेंजर सात माणसांसह आकाशात फुटले.

आता गगनयानाची तयारी सुरू आहे. पहिल्या फेऱ्या थोड्या दिवसांच्या आणि चुंबकत्वाच्या छताखालच्या असतील, त्यामुळे मात्रा कमी राहील. पुढे आपण चंद्राकडे निघू तेव्हा ती वाढेल. भारतात एक्स-रे विभागात काम करणाऱ्याच्या छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला असतो आणि त्याची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे. देशासाठी वर जाणाऱ्याच्या बिल्ल्यावरचा आकडाही देशाला सांगितला जावा आणि उतरल्यानंतर आयुष्यभर त्याची तपासणी होत राहावी. टाळ्या वाजवणाऱ्यांनी एवढे विचारायला हरकत नाही. माझ्या वर्गातल्या मुलीने ते विचारलेच आहे.