शंखाच्या बांगड्या आणि कवड्यांची माळ

समुद्र आपल्या वऱ्हाडापासून शेकडो मैल दूर. तरी 'जवळ फुटकी कवडी नाही' असे आपल्याकडे आजही म्हणतात, कारण कवडी हे एके काळी चलनच होते. मालदीव बेटांवरून ती जहाजाने येई आणि देशभर फिरे.

शंखही असाच दुरून येई. बुलढाणा जिल्ह्याला लागून असलेल्या भोकरदनच्या उत्खननात सातवाहन काळातील शंखाच्या बांगड्या सापडल्या. शंख करवतीने आडवा कापायचा, निघालेले कडे आतून-बाहेरून घासायचे, मग वर नक्षी कोरायची. एका शंखातून मोजकीच कडी निघत. हे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथल्या दात्यांचे लेख सांची व भारहुतच्या स्तूपांवर कोरलेले आहेत. म्हणजे ज्या गावच्या बाया शंखाच्या बांगड्या घालीत, त्याच गावची माणसे स्तूपाला दान देत होती! हे आपल्या आज्या-पणज्यांना कोणी सांगितलेच नाही.

त्यांच्या वाट्याला आली ती देवीच्या नावाची कवड्यांची माळ. माहूर-तुळजापूरचे भुत्ये, आराधी ती घालून जोगवा मागत. पोरीच्या गळ्यात देवीची माळ पडली आणि ती जोगतीण झाली, की तिचा संसार तिथंच संपला. १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये परमपूज्य बाबासाहेबांनी देवदासी, जोगतिणी, पोतराज यांच्या सभेत हे जिणे सोडायला सांगितले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर पुष्कळांनी माळा उतरवल्या. ते योग्यच झाले, त्यात 'पण' नाही.

मात्र कवडीच वाईट, असे समजणे मला पटत नाही. शेजारच्या तांड्यावर पाहा. लमाणांचे पूर्वज बैलांवर मीठ, धान्य लादून मुलूखभर फिरले. त्यांच्या बाया कवडीची फुगीर पाठ काढून टाकतात, म्हणजे ती सपाट बसते आणि दोरा आरपार जातो. मग पाण्याच्या घागरीखालची चुंबळ, मागे लोंबणारे भरतकामाचे चौकोनी कापड, पिशव्या, वेणीचे गोंडे, सगळ्याला कवड्यांची झालर. तिथे कवडी बाईच्या हौसेची आहे, हाताच्या कसबाची आहे. आता सुना साड्या नेसतात आणि जुनी कापडे शहरातले व्यापारी घेऊन जातात, हा भाग वेगळा.

आपल्यापैकी कोणाच्या घरी आजीच्या पेटीत अशी माळ अजून पडून असेल, तर ती नदीत सोडू नका. ती कोणाच्या गळ्यात होती, कोणत्या साली उतरवली, तेव्हा घरात काय बोलणे झाले, हे म्हातारी माणसे आहेत तोवर विचारून एका कागदावर लिहा आणि तो कागद माळेसोबत ठेवा.