युद्धासाठी उसनी घेतलेली जमीन : कल्याण-अंबरनाथचे दुसरे महायुद्ध

१/ अंबरनाथ पूर्वेच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीतून काटईच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात नेवाळी नाका लागतो. तेथून मलंगगडाकडे नजर टाकली, तर मध्ये विस्तीर्ण मोकळी जमीन पसरलेली दिसते. चहूबाजूंनी इमारती उभ्या राहत असताना एवढी जागा रिकामी कशी राहिली? या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या महायुद्धात दडले आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/ या परिसरात लढाई झाली नाही. तरीही युद्धाने येथील भूगोल, बाजारभाव आणि जमिनीची मालकी कायमची बदलली. परक्या सैन्याचा तळ पडला की त्या मुलखाच्या अर्थव्यवस्थेचे काय होते, हे समजून घेण्यासाठी आपल्याला फार दूर जावे लागत नाही. मात्र तुलनेसाठी आधी एकदा इराणला जाऊन येऊ.

३/ २५ ऑगस्ट १९४१ रोजी ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजा तटस्थ इराणमध्ये शिरल्या. ब्रिटिशांच्या बाजूने तेथे गेलेल्या फौजेत मोठा भाग हिंदी सैनिकांचा होता. तेलक्षेत्र आणि रशियाला रसद पोहोचवणारा मार्ग, ही त्यामागची दोन मुख्य कारणे. दोस्तांच्या स्थानिक खर्चासाठी इराणला नोटा छापाव्या लागल्या, रियालचा भाव पाडला गेला, वाहतूक लष्कराने व्यापली. डिसेंबर १९४२ मध्ये तेहरानमध्ये पावासाठी दंगल उसळली.

४/ लढाई नसलेल्या देशात उपासमार का व्हावी? कारण सैन्य त्याच बाजारातून धान्य, मजुरी, वाहने आणि जागा विकत घेते. त्याच्याकडे हवा तेवढा पैसा असतो. वस्तू मात्र तेवढ्याच असतात. शिवाय हा पैसा यजमान देशाच्याच छापखान्यातून येतो. हीच यंत्रणा त्याच काळात हिंदुस्थानातही चालू होती, आणि इराणपेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर.

५/ नोव्हेंबर १९३९ मध्ये ब्रिटन आणि हिंदुस्थान सरकार यांच्यात युद्धखर्चाच्या वाटणीचा करार झाला. देशाच्या स्वतःच्या संरक्षणाचा खर्च हिंदुस्थानने सोसायचा, उरलेला ब्रिटनने. वरकरणी हे न्याय्य दिसते. प्रत्यक्षात ब्रिटन आपला वाटा लंडनमध्ये पौंडांच्या खात्यावर जमा दाखवी, आणि त्या जमेच्या आधारावर रिझर्व्ह बँक येथे रुपयाच्या नोटा काढी.

६/ म्हणजे वस्तू आज द्यायची आणि तिचा मोबदला लंडनच्या वहीत ‘येणे’ म्हणून लिहून ठेवायचा. १९३९ ते १९४५ या काळात चलनातील नोटा सुमारे सहापट झाल्या. सरकारी निर्देशांकानुसारही घाऊक किमती दुपटीहून अधिक वाढल्या. हातात पैसा खुळखुळू लागला, पण त्याने मिळणारा शिधा निम्म्यावर आला.

७/ त्यातच मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. मुंबई इलाखा तांदळाच्या बाबतीत स्वयंपूर्ण नव्हता. २ मे १९४३ रोजी मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले. ग्रामीण भागात शेतकऱ्यांकडून ठरलेल्या दराने सक्तीने धान्य घेण्याची लेव्ही आली. ‘कंट्रोल’ आणि ‘लेव्ही’ हे शब्द मराठी घरांत रुळले, ते याच काळात.

८/ बंगालमध्ये त्याच वर्षी लाखो माणसे भुकेने मेली. मुंबई इलाख्यात तसे घडले नाही, याचे श्रेय शिधावाटपाला दिले जाते, आणि ते बऱ्याच अंशी योग्यही आहे. पण शहराच्या पोटात जाणारा तो दाणा कोणाच्या तरी खळ्यातून उचललेला होता, हेही त्याच हिशेबात लिहिले पाहिजे.

९/ आता कल्याणकडे वळू. मुंबईच्या गोदीत उतरलेले सैन्य आणि सामान देशात पाठवायचे, तर जी. आय. पी. रेल्वेचे कल्याण जंक्शन टाळता येत नाही. एक फाटा कसारा घाटातून नाशिककडे जातो, दुसरा कर्जतवरून बोरघाट चढून पुण्याकडे. बंदरापासून पन्नासेक किलोमीटरवर, उल्हास नदीचे पाणी जवळ आणि भोवती मोकळी जमीन. संक्रमण छावणीसाठी ही जागा जणू आखूनच ठेवलेली होती.

१०/ कल्याणच्या पूर्वेला बराकींची एक वसाहतच उभी राहिली. ६,००० सैनिक आणि ३०,००० इतर लोकांची सोय होईल अशी तिची क्षमता सांगितली जाते. लांबलचक बराकी, मध्ये मोठे दालन, दोन्ही टोकांना खोल्या. येथे कोणी कायमचे राहायला येत नसे. आघाडीवर जाणारे आणि आघाडीवरून परतणारे, अशांचा तो मुक्काम होता. ‘कॅम्प’ हा शब्द मात्र येथे कायमचा राहिला.

११/ छावणीने काहींना रोजगार दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. बांधकाम, हमाली, धुलाई, दूध, भाजी, जळण, गवत या साऱ्यांना गिऱ्हाईक मिळाले. पण लाभ कोणाच्या पदरात किती पडला, याचे उत्तर ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात सापडते. गवत व लाकूड यांच्या व्यापाराला युद्धकाळात तेजी होती, आणि ते कापणारा वारली मात्र वेठीस व तुटपुंज्या मजुरीस बांधलेला होता.

१२/ जानेवारी १९४५ मध्ये कल्याणशेजारच्या टिटवाळ्यात किसान सभेची परिषद भरली. त्यानंतर गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली डहाणू-उंबरगाव भागात वारल्यांचा लढा उभा राहिला. गवतकापणीच्या मजुरीचा दर हा त्यातील एक कळीचा मुद्दा होता. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. युद्ध संपून तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते.

१३/ छावणीसोबत धावपट्टीही हवी होती. १९४२-४३ च्या सुमारास नेवाळी, भाल, द्वारली आणि आसपासच्या गावांची १,६०० एकरांहून अधिक जमीन विमानतळासाठी घेतली गेली. ही भातशेतीची, प्रामुख्याने आगरी समाजाची गावे. ऐन टंचाईत ज्यांच्या शेतातून भात यायचे, त्यांच्याच शेतावर धावपट्टी आखली गेली.

१४/ येथे दोन शब्दांतील फरक नीट समजून घेऊ. ‘संपादन’ म्हणजे मोबदला देऊन मालकी कायमची घेणे; त्यासाठी १८९४ चा भूसंपादन कायदा होता. ‘अधिग्रहण’ म्हणजे गरजेपुरता ताबा घेणे. मालकी मूळ धन्याकडेच राहते. युद्धकाळात भारत संरक्षण नियमांतील ७५-अ या नियमाने सरकारला दुसऱ्या प्रकारचे व्यापक अधिकार मिळाले. ताबा घेण्यासाठी एक हुकूम पुरेसा होता.

१५/ नेवाळीच्या शेतकऱ्यांचे म्हणणे पिढ्यान्‌पिढ्या एकच आहे : जमीन युद्धापुरती घेतली होती, युद्ध संपल्यावर ती परत मिळायला हवी होती. संरक्षण खात्याचे म्हणणे असे की जमीन त्यांच्याच मालकीची आहे. म्हणजे सारा वाद वर सांगितलेल्या दोन शब्दांभोवती फिरतो. जमीन उसनी घेतली होती की विकत?

१६/ युद्ध संपले, पण अधिकार संपले नाहीत. भारत संरक्षण कायद्याची मुदत १९४६ मध्ये सरताच, ताबा चालू ठेवण्यासाठी आधी अध्यादेश आणि मग १९४७ चा कायदा आला. पुढे १९५२ च्या कायद्याने आणखी एक दार उघडले : अधिग्रहित जागेवर सरकारने आपल्या खर्चाने बांधकाम केले असेल आणि त्याचा उपयोग राखायचा असेल, तर ती जागा कायमची घेता येईल.

१७/ या तरतुदीचा अर्थ लक्षात घ्या. शेत नांगरलेले राहिले असते, तर परत मिळण्याची शक्यता अधिक होती. त्यावर डांबर पडले, हीच गोष्ट मूळ मालकाच्या विरोधात जाऊ शकत होती. मोबदल्याचे सूत्रही असे होते की तो अधिग्रहणाच्या वेळच्या किमतीच्या दुपटीपुढे जाऊ नये. महागाईने फुगलेल्या काळात ही मर्यादा जाचक होती. सर्वोच्च न्यायालयाने ती १९६० च्या दशकात रद्द ठरवली.

१८/ कुळांचे काय? ठाणे जिल्ह्यात कागदावरचा मालक आणि प्रत्यक्ष कसणारा बऱ्याचदा वेगळे असत. १ एप्रिल १९५७ रोजी, कृषक दिनी, कूळकायद्याने कसणारा जमिनीचा मालक ठरला. पण जी जमीन लष्कराच्या ताब्यात होती, तिच्यावर ‘मी कसतो आहे’ असे म्हणत उभे राहणार कोण? नुकसानीच्या यादीत या माणसाचे नाव शोधणे सर्वांत अवघड आहे.

१९/ आता मोठा हिशेब पाहू. युद्धाअखेरीस लंडनकडून हिंदुस्थानचे येणे सुमारे १३० कोटी पौंड, म्हणजे १,७०० कोटी रुपयांहून अधिक झाले होते. ब्रिटनमध्ये हे कर्ज कमी करून घेण्याच्या सूचना झाल्या. भारताने मात्र ते ठामपणे मागितले. १९४७ पासून वाटाघाटी झाल्या, आणि ती रक्कम टप्प्याटप्प्याने वापरायला मिळाली.

२०/ जुलै १९४८ च्या करारात एक विशेष कलम होते. ब्रिटनने युद्धकाळात भारतात मागे ठेवलेले लष्करी साठे आणि स्थावर प्रतिष्ठाने यांच्यासाठी भारताने १० कोटी पौंड, म्हणजे सुमारे १३३ कोटी रुपये, एकरकमी चुकते केले. दोन सरकारांपुरता तो व्यवहार तेथे पुरा झाला. पण प्रतिष्ठानांखालच्या जमिनी ज्यांच्या होत्या, ते या वाटाघाटींच्या मेजावर नव्हते.

२१/ बराकींचा पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना याच छावणीत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. सैनिकांच्या तात्पुरत्या निवाऱ्यात एक शहर वसले. आजही तेथे पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’ असेच म्हणतात.

२२/ एका तात्पुरत्या छावणीने हजारो बेघरांना घर दिले. शेजारच्या तात्पुरत्या धावपट्टीने काही गावांचे शेत कायमचे अडवले. दोन्ही गोष्टी एकाच युद्धाच्या आहेत, आणि दोन्ही खऱ्या आहेत. पहिली आपण अभिमानाने सांगतो. दुसरी फक्त वृत्तपत्रात बातमी आली की आठवते.

२३/ तशी बातमी २२ जून २०१७ रोजी आली. नौदलाने नेवाळीच्या जमिनीभोवती कुंपणभिंत बांधायला घेतली होती. शेतकरी रस्त्यावर उतरले. रास्ता रोको झाला, वाहने पेटली, पोलिसांनी छर्ऱ्यांच्या बंदुका वापरल्या. आंदोलक जखमी झाले आणि पोलीसही. दूरचित्रवाणीवर तो दिवसभर ‘अचानक उद्रेक’ होता. इतिहासाच्या दृष्टीने पाहता, तो पंचाहत्तर वर्षे थकलेल्या हिशेबाचा तगादा होता.

२४/ हिंसेचे समर्थन करण्यासाठी हे लिहिलेले नाही. संरक्षणाची गरज खोटी आहे, असाही दावा नाही. मुद्दा इतकाच आहे : राज्यसंस्था ‘गरजेपुरते’ म्हणून जे घेते, त्याची परतीची तारीख लिहिलेली नसेल, तर गरज संपल्यावरही ते परत येत नाही. लंडनचे येणे भारताने वसूल केले, कारण ते वहीत आकड्याने लिहिलेले होते. गावाचे येणे आठवणीत राहिले, आणि आठवण न्यायालयात पुराव्याला कमी पडते.

२५/ म्हणून एक विनंती. आपले मूळ गाव या पट्ट्यातले असेल, तर घरातले १९४० च्या दशकातले फेरफार उतारे, नोटिसा, नुकसानभरपाईच्या पावत्या, जुने सातबारे जपून ठेवा. त्यांची छायाचित्रे काढून ठेवा. फेरफारात ‘संपादन’ लिहिले आहे की ‘अधिग्रहण’, हे एकदा नीट वाचा. आजी-आजोबांकडून ऐकलेले तारखेसह लिहून काढा. कल्याण-अंबरनाथच्या युद्धाचा इतिहास अजून बराचसा घराघरांतल्या पेट्यांत आहे.

धागा समाप्त.